पुन्हा उडण्याची किंमत

नमस्कार श्रोतेहो. १२ एप्रिल १९८१ रोजी फ्लोरिडातून कोलंबिया हे स्पेस शटल, म्हणजे अंतराळात जाऊन परत येणारं आणि पुन्हा वापरायचं यान, पहिल्यांदा झेपावलं. आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन. अमेरिकेनं त्याआधीची यानं पहिल्यांदा माणसाविना उडवून पाहिली होती. इथं पहिल्याच खेपेला दोघं बसले. माझ्या मते हे धाडस जरा जास्तच होतं. दोन दिवसांनी यान कॅलिफोर्नियात धावपट्टीवर उतरलं, तेही इंजिनाच्या जोराशिवाय, नुसतं तरंगत. उतरणं चुकलं, तर पुन्हा वर जाऊन घिरटी घालायची सोय नव्हती.

दोन आठवड्यांत तेच यान पुन्हा सज्ज, असा नासाचा सुरुवातीचा हिशेब. प्रत्यक्षात सर्वांत कमी अंतर पडलं १९८५ मध्ये, अटलांटिसच्या दोन उड्डाणांत, आणि तेही ५४ दिवसांचं! वेळ जायचा कुठं? मुख्य इंजिनं उतरवून तपासायची. आणि फरशा. परतताना पंखांच्या कडा सोळाशे अंशांपर्यंत तापत आणि आतला सांगाडा तर ॲल्युमिनियमचा. म्हणून अंगावर सिलिकाच्या वीस हजारांहून जास्त फरशा चिकटवलेल्या. फरशी इतकी हलकी, की तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच. आकार मात्र जवळजवळ प्रत्येकीचा निराळा. दर उड्डाणानंतर त्या तपासायच्या, खराब झालेल्या बदलायच्या, शिवाय पाणी मुरू नये म्हणून त्यांत औषध टोचायचं. बाजूचे दोन बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारी रॉकेटं, समुद्रातून ओढून आणत. इंधनाची मोठी नारिंगी टाकी दरवेळी नवी.

तीस वर्षांत पाच यानांनी १३५ उड्डाणं केली. एकट्या डिस्कव्हरीची ३९. पाचांतली दोन यानं नष्ट झाली. १९८६ मध्ये चॅलेंजर, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया, परतीच्या वाटेवर. उड्डाणाच्या वेळी टाकीवरच्या फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. तिथून तप्त वायू आत शिरला. त्यात जीव गमावलेल्या सात जणांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या. १९९७ ची त्यांची पहिली सफरही याच कोलंबियातून झाली होती.

२०११ मध्ये शटल थांबलं. आता स्पेसएक्स या खासगी कंपनीची ड्रॅगन कुपी पॅराशूटनं समुद्रात उतरते. २०२० मध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन गेलेली एन्डेव्हर ही कुपी २०२१ च्या एप्रिलमध्ये चौघांना घेऊन पुन्हा गेली. तिला वर नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा टप्पा स्वतःच परत येऊन उभा उतरतो. वरचा टप्पा मात्र अजून दरवेळी नवाच लागतो.