रानातला चेस्टनट ओळखताना

(दृश्य: सकाळचं धुकं, डोंगरातली पायवाट, चालणाऱ्या पावलांचा आवाज)

व्हर्जिनिया राज्यातली ही ब्लू रिज डोंगररांग. जून संपत आलाय. शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या या वाटेवर ओकच्या सावलीत एकाच बुडख्यातून फुटलेले पाच-सहा धुमारे उभे आहेत. सगळ्यात मोठा जेमतेम दोन पुरुष उंच. चालणारे बहुतेक जण झुडूप समजून पुढे जातात.

पण हे धुमारे चेस्टनटचे आहेत, आणि त्यांच्या मुळांचं वय शंभराच्या वर असू शकतं.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो, चेस्टनटच्या प्रचंड बुंध्यांशेजारी उभी माणसं)

एके काळी या डोंगरांवर अमेरिकन चेस्टनटचं, काटेरी बोंडात खायच्या बिया धरणाऱ्या या झाडाचं, राज्य होतं. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ही झाडं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर एक बुरशी आली होती. सालीच्या जखमेतून ती आत शिरते, खोडाला वेढा घालते आणि वरचं सगळं झाड वाळून जातं. अर्ध्या शतकात तीनशे ते चारशे कोटी झाडं गेली.

मुळं मात्र वाचली, कारण मातीतले इतर सूक्ष्मजीव या बुरशीला जमिनीखाली टिकू देत नाहीत. मग बुडातून धुमारा फुटतो, काही वर्षं वाढतो, खोड जाड होऊन साल तडकू लागली की बुरशी त्याला गाठते. तो मरतो, आणि शेजारून दुसरा फुटतो.

(दृश्य: पानाचा जवळून घेतलेला फोटो)

आता मूळ प्रश्न. हा अमेरिकनच कशावरून? बुरशीला फारशी दाद न देणारे चिनी आणि जपानी चेस्टनट इथल्या शेतांत, अंगणांत लावले गेले. अमेरिकन झाडांशी त्यांचा संकर होतो. त्यामुळे चांगलं डेरेदार, फळांनी लगडलेलं झाड कुणी आनंदानं दाखवलं, की ते चिनी असण्याची शक्यताच जास्त.

हे पान बघा. वीतभर लांब, अरुंद, कागदासारखं पातळ, वरून निस्तेज. प्रत्येक शीर कडेला जाऊन एका मोठ्या दात्यात संपते आणि तो दाता विळ्याच्या टोकासारखा पुढे वळलेला असतो. देठाकडे पान निमुळतं होत जातं. चिनी चेस्टनटचं पान जाड, वरून चकचकीत, दाते लहान आणि देठाजवळ ते गोलसर असतं.

एवढ्यावर निकाल देऊ नका. सावलीतलं पान आणि उन्हातलं पान एकाच झाडावर वेगळं दिसतं. मी तरी आधी पान उलटं करून त्यावरून बोट फिरवते. अमेरिकन पान खालून जवळजवळ गुळगुळीत लागतं. चिनी पानाला मखमलीसारखी लव असते. चिंकापिन म्हणून इथलंच एक छोटं भावंड आहे, त्याचं पान खालून लवेनं पांढुरकं दिसतं आणि त्याच्या काटेरी बोंडात एकच बी असते. अमेरिकन चेस्टनटच्या बोंडात बहुधा तीन.

(दृश्य: डहाळी, मग तळहातावर चेस्टनटच्या बिया)

कोवळी डहाळीही बोलते. अमेरिकन असेल तर ती बारीक, तांबूस, लव नसलेली. चिनी असेल तर जाडसर आणि लवदार. बी हाती लागली तर काम सोपं होतं: अमेरिकन बी लहान, टोकदार, आणि टोकापासून बरंच खाली लव उतरलेली. चिनी बी मोठी, लव फक्त टोकाशी.

आणि हॉर्स चेस्टनट? त्याचं नाव सोडलं तर नातं नाही. त्याची पानं काटेसावरीसारखी, पंजाच्या आकाराची. त्याच्या बिया विषारी असतात, त्या तोंडात घालू नका.

(दृश्य: विमानातून दिसणारं जंगल, हिरवाईत एक पांढुरका ठिपका)

मोठी झाडं क्वचितच राहिली आहेत. मेन राज्यात लव्हेलजवळ २०१५ साली ११५ फूट उंच अमेरिकन चेस्टनट सापडला. शोधणाऱ्यांनी विमानातून फुलोरा हेरला होता. इतर झाडांचा बहर संपल्यावर, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, चेस्टनट पांढऱ्या तुऱ्यांनी भरतो, म्हणून तो वरून उठून दिसतो.

असं प्रत्येक झाड लाखमोलाचं आहे. एकट्या झाडाला स्वतःच्या परागानं फळ धरत नाही, त्याला दुसरं झाड लागतं. १९८३ पासून काम करणारी अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन ही संस्था रोगाशी झुंजणारी झाडं घडवू पाहते, आणि त्यासाठी तिला रानातल्या वेगवेगळ्या झाडांचा वंश हवा आहे. कुणीही पानांसकट डहाळी पाठवली तर तिथले लोक ती तपासतात. पुठ्ठ्यांमध्ये सपाट दाबून पाठवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पानं कुजतात.

इथे मात्र हे राष्ट्रीय उद्यान आहे, परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. म्हणून आज फक्त फोटो. पानाचा वरून, खालून, डहाळीचा, बुडख्याचा.

(दृश्य: वहीत लिहिणारा हात)

वहीत जागा नोंदवली आहे. अमेरिकन चेस्टनटचे डोळे, म्हणजे डहाळीवरचे मिटलेले कोंब, टोकदार असतात आणि डहाळीपासून थोडे बाहेर झुकलेले. आज ते नीट धरलेले नाहीत. पानगळ झाली की, नोव्हेंबरात, त्यांच्यासाठी परत यायचं आहे.