संशोधनाची वाट कोणाला ठाऊक असते?

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी सहाच्या सुमारास नवी पेठेत किंवा सदाशिव पेठेत चक्कर मारलीत, तर अभ्यासिकांच्या दारात चपलांच्या रांगा लागलेल्या दिसतात. बीडची, नांदेडची, नंदुरबारची मुलं. कुणी राज्यसेवेची तयारी करतंय, कुणी तलाठी भरतीची, कुणी दोन्हींची. त्यांच्या कष्टांबद्दल मला बोलायचं नाही, ते सगळ्या पुण्याला दिसतात. मला बोलायचंय ते त्यांच्या यादीत नसलेल्या एका पर्यायाबद्दल, संशोधनाबद्दल.

याच अभ्यासिकांपासून नदी ओलांडून अर्धा तास चाललं की बीएमसीसी रस्त्यावर गोखले अर्थशास्त्र संस्था लागते, 1930 साली सुरू झालेली. जवळच भांडारकर संस्था, ती 1917 ची. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र, आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था, येरवड्याला डेक्कन कॉलेज. एवढ्या संशोधन संस्था दाटीवाटीनं एका शहरात असणं ही साधी गोष्ट नाही. पण पीएमटीच्या खिडकीतून त्यांच्या पाट्या रोज वाचणाऱ्या मुलांना विचारा, आत काय चालतं? बहुतेकांना वाटतं, ती सरकारी ऑफिसं आहेत. आपल्याला तिथं काही काम नाही. (पीएमटीचं नाव पीएमपीएमएल होऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्या तोंडी तेच बसलंय, चालवून घ्या.)

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, महादेव कोळी समाजातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. एकदा तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पीएचडीची फी किती असते हो?"

या प्रश्नात सगळं आलं. शिक्षण म्हणजे फी, पुढचं शिक्षण म्हणजे आणखी मोठी फी, आणि पीएचडी म्हणजे बहुधा जमीन विकावी लागेल एवढी फी, असा तिचा हिशेब. तो चुकीचा म्हणता येणार नाही, कारण तिनं आजवर पाहिलेलं प्रत्येक शिक्षण तसंच होतं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं की इथं गणित उलटं आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि त्यापुढे 42,000 रुपये मिळतात, शिवाय घरभाडं भत्ता. हे दर 2023 पासूनचे आहेत. फी भरावी लागते, पण ती या रकमेपुढे फार मोठी नसते. अमेरिकेतही असंच आहे. तिथं एमएस करायला कर्ज काढावं लागतं, पण चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला बहुतेकदा फी माफ असते आणि वर राहण्या-खाण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. कोथरूडमधल्या प्राध्यापकाच्या मुलाला हे दहावीतच ठाऊक असतं. त्यानं ते कुठे वाचलेलं नसतं. रात्री जेवताना मावशी फोनवर बोलत असते, ते त्याच्या कानावर पडलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बुद्धी सगळीकडे आहे. शिष्यवृत्त्या, कमी का होईनात, पण आहेत. नाहीत त्या जेवतानाच्या गप्पा. ज्या घरात त्या होत नाहीत, त्या घरातल्या मुलाशी त्या करायच्या कुणी? मला वाटतं, आपण. म्हणजे मास्तरांनी, संशोधकांनी, आधी गेलेल्यांनी.

त्या मुलीकडे परत येते. तिला म्हटलं, फीचं नंतर बघू, तुला कशावर काम करायचंय ते सांग. गप्प बसली. मग म्हटलं, बरं, घरी उन्हाळ्यात काय करता? तर म्हणाली, हिरडा गोळा करतो. आणि सुरू झाली. बाळहिरडा म्हणजे झाडावरचं कोवळं फळ, ते कधी उतरवायचं, वाळवायचं कसं, कुठल्या रंगाला व्यापारी भाव देतो, डोंगराच्या कुठल्या कुशीतली झाडं जास्त फळ धरतात. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा त्यांच्या डोंगरातली किती जुनी झाडं उन्मळून पडली आणि त्यानंतर घरात किती कमी पोती आली. मी ऐकत होते. ज्या प्रश्नासाठी एखाद्या संशोधकाला आधी वर्षभर हिंडावं लागलं असतं, तो या मुलीकडे तयार होता. वादळानंतर हिरड्याचं पुनरुज्जीवन होतंय का, नवी रोपं उगवताहेत का, की कोवळीच फळं उतरवल्यामुळे बी पडतच नाही? हे संशोधनच आहे. ते संशोधन आहे हे तिला माहीत नव्हतं, एवढंच.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही खरं तर. 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी. आपल्या लोकांनी काय भोगलं ते पाहून, तर्काच्या आधारानं मांडणं हे या शहरातल्या एका शाळकरी मुलीनं तेव्हा केलं होतं. आजच्या शोधनिबंधाची आम्ही याहून वेगळी काय व्याख्या करतो?

आता थोडं मास्तर मंडळींशी बोलते, कारण सगळ्यात मोठी अडचण आमच्याकडे आहे. ती म्हणजे शिफारसपत्र.

तालुक्याच्या कॉलेजातून येणारी पत्रं मी निवड समितीवर असताना वाचलेली आहेत. "सदर विद्यार्थी प्रामाणिक, आज्ञाधारक असून त्याचे चारित्र्य उत्तम आहे." संपलं. याच वेळी मोठ्या संस्थेतल्या मुलाचं पत्र दीड पानाचं असतं. त्यानं प्रयोगात कुठे शंका काढली, कोणतं उपकरण स्वतः दुरुस्त केलं, बिघडलेला निकाल पुन्हा तपासायला किती रात्री थांबला. समितीपुढे कागदच असतात, माणूस नसतो. आज्ञाधारक मुलगा तिथंच मागे पडतो, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. तेव्हा कृपा करून पत्रात एक तरी प्रसंग लिहा. हा विद्यार्थी कशाने अस्वस्थ होतो ते लिहा. तो दुकानात काम करून शिकतोय आणि तरी प्रॅक्टिकल चुकवत नाही, हे त्याला विचारून लिहा. आणि 'तूच लिहून आण, मी सही करतो' ही पद्धत बंद करा. मुलं स्वतःबद्दल काय लिहिणार? आज्ञाधारक, असंच लिहितात.

दुसरी गोष्ट ईमेलची. मुलं एकच मजकूर चाळीस शास्त्रज्ञांना पाठवतात, "मला आपल्या संशोधनात अतिशय रस आहे", आणि कुणाचंच उत्तर आलं नाही की खचतात. मुलांनो, चाळीस नको, चार पाठवा. त्या माणसाचा एक शोधनिबंध आधी वाचा. सगळा कळणार नाही, आम्हालाही कळत नाही. प्रस्तावना आणि शेवट वाचा, आकृत्या बघा, आणि जिथं अडलात त्याबद्दल एक प्रश्न विचारा. पत्र आठ-दहा ओळींचं, सोबत एक पानाचा बायोडेटा. इंग्रजी मोडकं असेल तर मित्राकडून तपासून घ्या, पण प्रश्न तुमचाच राहू द्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर एकदा आठवण करा. यात लाज कसली.

आणि माझ्या सहकाऱ्यांनो, उत्तर द्या. 'सध्या जागा नाही, पण अमक्याला विचार' एवढी ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात. मोडकं इंग्रजी म्हणजे मोडका विचार, ही आपल्याकडची समजूत तर मला अत्यंत आळशीपणाची वाटते.

वाचायला कुठे मिळतं? 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, त्यात मराठीतलेही आहेत. आपल्या विषयावरचा एखादा प्रबंध उघडा आणि नुसतं प्रकरण पहिलं वाचा. पीएचडी म्हणजे काय याचं भय निम्मं तिथंच जातं. कधी कधी दर्जा बघून, 'एवढंच? हे तर मीही करीन' असंही वाटेल. तेही उपयोगाचं आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना शेतांच्या मधोमध उभ्या आहेत. जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुलं तिथं झुंडीनं येतात. कॉलेजच्या मुलांनी यावं आणि तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांना गाठावं. दुर्बिणीबद्दल विचारा, आणि इथपर्यंत कसे आलात तेही विचारा.

विज्ञानाच्या मुलांसाठी उन्हाळी फेलोशिप हा सगळ्यात चांगला उंबरठा. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि देशातल्या आणखी दोन विज्ञान अकादमी मिळून ही योजना चालवतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन मिळतं. अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात. त्यासाठी आपल्याला काय करायचंय त्याचं छोटं टिपण आणि एका शिक्षकाचं पत्र लागतं. बघा, पुन्हा पत्र आलंच. आणि ही योजना शिक्षकांसाठीही खुली आहे, हे आमच्यातल्या अनेकांना माहीत नसतं.

फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तीन तर पुण्यातच आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीची महाज्योती नागपूरला. त्यांच्या फेलोशिपसाठी आणि थकलेल्या हप्त्यांसाठी मुलांना आंदोलनं करावी लागली आहेत, हेही सांगायला हवं. फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला पगारासारखी येईल या भरवशावर राहू नका. सुरुवातीच्या काही महिन्यांची सोय हाताशी असलेली बरी.

परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्तीही. केंद्राच्या योजनेबद्दल माझी एक तक्रार आहे, ती नोंदवतेच. 2022 च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं 1916 च्या मे महिन्यात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सयाजीरावांनी असा नियम केला असता तर?

आईवडिलांचा एक प्रश्न मला नेहमी येतो. "मॅडम, पोरगी नोकरीला कधी लागणार?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. पीएचडीला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, स्त्रियांना त्यात दोन वर्षांची सवलत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती-बालसंगोपन रजा. हा काळ मोठा आहे, शेवटी प्राध्यापकाची जागा निघेल याची हमी नाही, आणि जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत हे तुम्ही वाचताच. मी घरच्यांना हे सगळं सांगते. दर महिन्याचे आकडे कागदावर लिहून देते. खोटी आशा दाखवून पोरगी पाठवण्यापेक्षा, खरं समजून त्यांनी पाठवलेली जास्त टिकते. हिरड्यावाल्या मुलीच्या वडिलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, म्हणजे आमचाच डोंगर मोजायचे हिला पैसे मिळणार? म्हटलं, हो, तसंच.

जाता जाता कामाचं एक. यातल्या बहुतेक अर्जांना उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद लागतात, काही ठिकाणी जातवैधता प्रमाणपत्र, ओबीसींना नॉन-क्रिमिलेयर. वैधतेला महिनोन्‌महिने जातात. जाहिरात निघाल्यावर धावायला लागाल तर तारीख उलटेल. निकालाच्या दिवसांत सेतू केंद्रांवर आणि तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्याच्या आधीच जा, आणि मूळ कागदांबरोबर झेरॉक्सचे दोन संच घेऊन जा. नमस्कार.