विरजण का लागलं नाही?

मंडळी, अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंचा हा विषय माणूस, जनावर आणि माती या तिघांचा आहे, पण सुरुवात मी विरजणापासून करणार. पशुवैद्य म्हणून हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्याकडे रतीब शेजारच्या गोठ्यातला. एकदा दही लागेचना. आईनं विरजण बदललं, पातेलं उकळून घेतलं, वर गोधडी गुंडाळली. सकाळी दूध तसंच पातळ. दुसऱ्या दिवशीही तेच. ती म्हणाली, "दुधातच काहीतरी आहे रे." मला चटकन आठवलं, त्या गोठ्यातल्या गायीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती आणि सडात अँटिबायोटिकची ट्यूब मीच सोडली होती. ठरलेले दिवस दूध घालू नका, असं सांगितलंही होतं, पण गाडीला किक मारता मारता. मालकाला विचारलं, तर म्हणाला, "डॉक्टर, एवढं दूध ओतून देऊ? हप्ता कोण भरणार?" थोडं वासरालाही पाजलं होतं.

त्याला काय बोलणार? ओतलेल्या दुधाची भरपाई त्याला कोण देणार होतं? ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी प्रत्येक सभेत मांडणार. पण त्या दिवसापासून औषध दिलं की मी ओट्यावर बसतो आणि दूध न घालायचे दिवस घरातल्या बाईमाणसाला बोटांवर मोजून सांगतो. धार बहुतेक तीच काढते.

आता बघा, विरजणातले जिवाणू त्या औषधानं मेले. वासराच्या पोटातले मात्र सगळे मरत नाहीत. जे चिवट असतात ते उरतात, वाढतात, शेणातून उकिरड्यावर आणि तिथून शेतात जातात. शिवाय हा चिवटपणा एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. म्हणून गोठ्यातलं दुखणं गोठ्यातच राहत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो. कमी मात्रेनं जिवाणू चिवट होतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 मध्ये नोबेलच्या भाषणातच बजावलं होतं. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात अंदाजे 12.7 लाख माणसं दगावली. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचं. आपल्याकडे ते कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं, 2019 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. सर्दी विषाणूची असते, तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, गटारातही टाकू नका.

आणि त्या शेजारच्या गोठेवाल्याचं सांगायचं राहिलं. आता त्याच्या गोठ्यात औषध चालू असलेल्या गायीच्या पायाला लाल चिंधी बांधलेली असते. धारेला कुणीही बसो, तिची बादली वेगळी, आणि ते दूध वासरालाही मिळत नाही.