३५ मिनिटांची हवा

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाट. अंधारात धावणाऱ्या बुटांचा आवाज. मग मैदान.]

सकाळचे सहा. अजून पुरतं उजाडलेलं नाही. मैदानाच्या कडेला होजच्या, म्हणजे पाणी मारायच्या लांब नळ्यांच्या, गुंडाळ्या मांडून ठेवल्यात, मोठाल्या चकल्यांसारख्या. फेऱ्या मारून आलेली पोरं रांगेत उभी राहतात, छातीचा भाता चालूच. "धापा टाकू नका. सावकाश घ्या, सावकाश सोडा," प्रशिक्षक सांगतात. हे वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येईल.

अग्निशमन दलात आग विझवायला शिकवतात, असं आपण धरून चालतो. आम्हीही तेच धरून आलो होतो. चार दिवस या मैदानावर कॅमेरा घेऊन उभं राहिल्यावर कळलं, की यातला निम्म्याहून जास्त अभ्यास आत गेलेल्या माणसानं धडधाकट बाहेर कसं यायचं, याचा आहे.

[दृश्य : होज ड्रिल. सहा जणांची तुकडी.]

"गेट टू वर्क!"

हुकूम सुटला. एक जण ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, घेऊन पळतो. दुसरा होजची गुंडाळी हातातून सोडतो आणि ती सरसर उलगडत जाते. खट्. कपलिंग, म्हणजे होजचा जोड, बसलं. ब्रँच धरणाऱ्यानं इशारा केल्याशिवाय पंपावरचा माणूस पाणी सोडत नाही, आणि यामागे साधा हिशेब आहे. ६३ मिलिमीटरच्या होजची ही १५ मीटरची एक लांबी रिकामी असताना एकटा मुलगा काखेत मारून धावतो. पाणी भरलं की तिच्या पोटात साधारण ४७ लिटर पाणी असतं, म्हणजे ४७ किलो. अशा तीन लांब्या जोडून जिन्याचं वळण घ्यायचं म्हटलं, तर १४० किलोचा अजगर ओढायचा. म्हणून आधी जागेवर पोचायचं, मग पाणी मागायचं.

ब्रँचवरच्या मुलीकडे पाहा. पाणी आलं, होज ताठ झाला, आणि पहिल्याच धक्क्याला ती दोन पावलं मागे सरकली. प्रशिक्षक ओरडले नाहीत. जवळ जाऊन तिचं कोपर कमरेला टेकवलं, मागचा पाय आडवा करायला सांगितला. आता पुन्हा.

[निवेदन नाही. पाण्याचा आवाज. ती जागची हलत नाही.]

[दृश्य : वर्ग. फळा. वहीत उतरवून घेणारे हात.]

राज्य शासनाचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत, सांताक्रूझ पूर्वेला विद्यानगरीत आहे. तिथला अग्निशामक पाठ्यक्रम सहा महिन्यांचा. मुलांसाठी अट दहावी उत्तीर्णची, उंची १६५ सेंटिमीटर, वजन किमान ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. पदवीधरांसाठी उपस्थानक अधिकाऱ्याचा वर्षभराचा पाठ्यक्रम वेगळा. राज्यातल्या महापालिका फायरमनची भरती काढतात, तेव्हा बहुतेक जाहिरातींत या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राची अट असते. त्याच्या पुढची पायरी नागपूरला. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं. तिथे २००२ साली नागपूरच्याच हर्षिणी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, तोवर त्या महाविद्यालयात एकही मुलगी शिकलेली नव्हती. आज या मैदानावर मुलींची वेगळी रांग लावत नाहीत. शिडी तीच, होजचं वजनही तेच.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. गोदी. धुराचा लोट.]

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या, आणि त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला. बंब आले, जवान जहाजावर चढले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासानं दुसरा. दलाचे ६६ जण गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो यांच्यासाठी.

[निवेदन नाही. भायखळा मुख्यालय. स्मारक, पुष्पचक्र.]

आगीची वर्दी घेणारा माणूस फोनवर इतके प्रश्न का विचारतो, याचं उत्तर त्या दुपारीत आहे. काय जळतंय? शेजारी काय ठेवलंय? सिलिंडर किती? आत कोणी आहे का? घाबरलेल्या माणसाला वाटतं, हे चौकशा कसल्या करतायत, गाडी पाठवा ना. गाडी तोवर निघालेली असते. हे प्रश्न त्या गाडीत बसलेल्यांसाठी असतात.

[दृश्य : टेबलावर बीए सेट. कॅमेरा अगदी जवळ.]

हा बीए सेट, धुरात श्वास घ्यायचं उपकरण. पाठीवर सिलिंडर, त्यातून निघालेली नळी, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क. लोक याला ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतात. यात ऑक्सिजन नसतो भरलेला, हवा असते, आपण आत्ता घेतोय तीच, गाळून, सुकवून, दाबून भरलेली. दाढीचे खुंट असले तरी मास्कची कड गालाला नीट चिकटत नाही. सकाळच्या परेडला हनुवट्या तपासताना पाहिल्या, तेव्हा आम्हाला ती नुसती शिस्त वाटली होती.

आता फळ्यावरचं गणित नीट बघा. सिलिंडर सहा लिटरचं. हवा ३०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण तीनशे पट दाबानं भरलेली. सहा गुणिले तीनशे, १८०० लिटर. काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरतात, म्हणजे ४५ मिनिटं. त्यातली दहा राखीव. त्यांना हात लावायचा नाही. उरली ३५.

या ३५ मिनिटांत आत जायचं, शोधायचं, काम करायचं आणि परत यायचं. परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा लवकर संपत नाही, हे विसरायचं नाही. आणि ४० लिटर हा झाला वहीतला आकडा. सेट पाठीवर घेऊन चार मजले चढलेला, कोणाला तरी खांद्यावर टाकलेला माणूस मिनिटाला ८० लिटरही ओढतो. मग ४५ मिनिटांची साडेबावीस होतात. राखीव दहा काढा. हातात राहिली बारा, साडेबारा.

म्हणून ते सकाळचं वाक्य. सावकाश घ्या, सावकाश सोडा. ज्याचा श्वास ताब्यात, त्याला आत चार मिनिटं जास्त मिळतात, आणि एखाद्या घरातल्या माणसाला तेवढी पुरतात.

सिलिंडरमधला दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची शिट्टी वाजायला लागते. नव्या पोरांना वाटतं, शिट्टी वाजली की निघायचं. प्रशिक्षकांनी ते लगेच खोडून काढलं. "शिट्टी वाजेल तेव्हा तू दाराबाहेर उभा पाहिजेस. शिट्टी चुकलेल्यासाठी आहे."

[दृश्य : दारातला फळा. लोखंडी बिल्ले. खडू धरलेला हात.]

दारात एक माणूस फळा घेऊन उभा असतो. आत जाणाऱ्यानं सेटचा बिल्ला, त्यांच्या भाषेत टॅली, त्याच्या हवाली करायची. टॅलीवर नाव आणि दाब. फळ्यावर आत गेल्याची वेळ, आणि त्यापुढे शिट्टी केव्हा वाजणार ती वेळ. फळ्यावरचा माणूस आगीकडे बघत नाही. शेजारी काहीही होवो, त्यानं घड्याळ बघायचं. सगळ्या ड्रिलमध्ये दिसायला हे सगळ्यात साधं काम आहे, आणि आमचा कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळत राहिला.

एकटं कोणी आत जात नाही. जोडी जाते, जोडी येते. एकाची हवा उतरली तर दुसऱ्याच्या सिलिंडरमध्ये कितीही असो, दोघंही मागे फिरतात. ऐकायला सोपं आहे. आतून कोणाचा तरी आवाज येत असताना मागे फिरायचं, हे मात्र शिकवूनच येतं.

[दृश्य : धुराची खोली. काळोख. मग थर्मल कॅमेऱ्यातून करडी माणसं.]

आता आपण आत आहोत. डोळ्यांचा इथे उपयोग नाही. एक हात भिंतीला, तो सोडायचा नाही. पुढचा पाय सरकवून आधी जमीन चाचपायची, वजन मागच्या पायावर. समोर धरलेल्या हाताकडे बघा. तळवा स्वतःकडे आहे आणि बोटांची मागची बाजू पुढे. उघडी तार लागली तर विजेच्या झटक्यानं मूठ आवळते. तळव्यानं चाचपलं तर तार मुठीत धरली जाईल. हाताच्या पाठीनं चाचपलं तर हात आपोआप मागे ओढला जातो.

दारालाही असंच हाताच्या पाठीनं विचारायचं. तापलंय का? फटीतून धूर आत ओढल्यासारखा, बाहेर फेकल्यासारखा होतोय का? काचा आतून काळ्या झाल्यात आणि ज्वाळा कुठेच दिसत नाही? मग त्या खोलीत आग हवेसाठी दबा धरून बसली आहे. दार धाडकन उघडणाऱ्याच्या तोंडावर ती येते.

उभं राहायचं नाही. छताशी धूर ५००-६०० अंशांपर्यंत तापू शकतो, त्याच वेळी जमिनीलगत माणूस तग धरून असतो. तो वरचा धूर म्हणजेही न जळलेलं इंधनच. पुरेसा तापला की खोलीच्या खोली एका क्षणात पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तिथे अंगावरचा महागातला महाग सूटही फार वेळ साथ देत नाही.

वाट चुकली तर? होज शोधायचा. होज सापडला तर कपलिंग शोधायचं. जोडाच्या दोन्ही बाजू हाताला वेगवेगळ्या लागतात, आणि त्यावरून कळतं की पाणी कुठून येतंय. पाणी येतं तिकडे बंब. बंब तिकडे दार. हातमोजे घालून, डोळे मिटून, पोरं हा जोड ओळखायचा सराव करतात. एक जण जेवायच्या सुट्टीतही झाडाखाली बसून तेच करत होता.

[निवेदन नाही. खोलीतून जोडी बाहेर येते, मधे पुतळा. मास्क निघतात.]

[दृश्य : दोरीवर वाळत घातलेले फायर सूट.]

आग विझल्यावर मास्क काढायची घाई करायची नाही, असाही नियम आहे, कारण राख बराच वेळ विषारी वायू सोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशामकांच्या कामाला कर्करोगाच्या खात्रीशीर कारणांत धरलं. सूट धुतल्याशिवाय खोलीत न्यायचा नाही, घरी तर नाहीच.

[दृश्य : उंच इमारत. जिन्यातला लाल पाइप. व्हॉल्व्हवरची धूळ.]

हे झालं जवानाचं. इमारतीनंही तयार असावं लागतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकानं किंवा भोगवटादारानं दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यायचा असतो. जिन्यातल्या या लाल पाइपात पाणी नसेल तर खालूनच भरलेला होज वर ओढावा लागतो, ते ४७ किलो खांद्यावर येतात, आणि मघाच्या बारा मिनिटांतली चार जिन्यातच जातात.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये लागलेल्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले; दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांच्यातले एक.

[दृश्य : लहान गाव. नगरपरिषदेचं आवार. एक बंब.]

परतीच्या वाटेवर आम्ही एका नगरपरिषदेच्या केंद्रावर थांबलो. चहा मिळाला, आपुलकीनं मिळाला. बंब चकाचक पुसलेला. तिथला जवान कंत्राटी, बारा वर्षांचा अनुभव, विहिरीतून, पुरातून, कडब्याच्या गंजीच्या आगीतून त्यानं किती जीव वाचवले त्याची मोजदाद गावाकडे आहे. त्यानं बंबाचा कप्पा उघडून सेट दाखवला. गेजचा काटा शून्यावर. "भरून आणायला लांब जावं लागतं, साहेब," तो म्हणाला. मग तो आगीत कसा जातो? त्यानं खिशातून पंचा काढून दाखवला. ओला करून तोंडाला बांधतो.

[निवेदन नाही. पंचा.]

ओला पंचा कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही सांगितलं, आणि सांगताना आम्हालाच ओशाळं वाटलं. सहा महिन्यांचं शिक्षण, भरलेलं सिलिंडर, दारात घड्याळ बघणारा एक माणूस. शहरातल्या जवानाला जे मिळतं ते यालाही मिळायला हवं. कंत्राटी आहे म्हणून याची फुप्फुसं वेगळी नाहीत.

[दृश्य : पुन्हा प्रशिक्षणाचं मैदान. संध्याकाळ. कॉम्प्रेसरचा आवाज.]

दिवसभराचे सिलिंडर भरायला लावलेत. सकाळी ब्रँचवर होती ती मुलगी मास्क धुऊन, पुसून, उलटा टांगते. भरताना सिलिंडर तापतं, निवलं की दाब थोडा उतरतो. तिच्या गेजवर २९० आलंय. रजिस्टरमध्ये लिहायच्या आधी ती थांबते. २९० गुणिले सहा, १७४०. भागिले चाळीस, त्रेचाळीस. वजा दहा. तेहतीस.

दोन मिनिटं कमी.

ती सिलिंडर परत उचलते आणि नळीला जोडते.