जहाजांनी सोडलेली गावे: सुट्टीसाठी जुने बंदर कसे निवडावे

नमस्कार. समुद्रकाठचे एखादे छोटे, जुने गाव सुट्टीसाठी निवडताना आपण बहुधा छायाचित्रांवर विसंबून राहतो: फरसबंदी गल्ली, उतरती कौले, बुरुजापलीकडे चमकणारे पाणी. आजच्या भागात छायाचित्रे थोडी बाजूला ठेवून एक प्रश्न विचारण्याचा आग्रह मी धरणार आहे, आणि तो प्रश्न असा की या गावातून जहाजे का निघून गेली? सहलीशी त्याचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गाव जुने कसे राहिले, तेथून समुद्र खरोखर किती दूर आहे, कोणत्या महिन्यात जावे आणि रात्रीचा मुक्काम करावा की नाही, यांपैकी बऱ्याच गोष्टी त्या एका उत्तरातून उलगडतात.

ज्या बंदराचा व्यापार वाढत राहतो, त्याला जुनी घरे परवडत नाहीत. तेथे लहान वखारी पाडून मोठ्या उभ्या राहतात, धक्के लांबवले जातात, तटबंदी फोडून रस्ते आणि रेल्वे आत येतात. उलट व्यापार आटला की नवे बांधायला पैसा उरत नाही आणि जुने पाडायला कारणही उरत नाही. आज आपण ज्याला वारसा म्हणून कौतुकाने पाहतो, ते पुष्कळदा तेथल्या रहिवाशांच्या काही पिढ्यांनी काढलेले ओढगस्तीचे दिवस असतात.

(पडद्यावर: इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याचा नकाशा.)

इंग्लंडमधील राय हे गाव टेकडीवर वसलेले आहे. १२८७ साली झालेल्या प्रचंड वादळात शेजारचे जुने विंचेलसी बंदर समुद्राने गिळले आणि रॉदर नदीचा प्रवाह वळून रायच्या पायथ्याशी आला. एका बंदराचा नाश हा दुसऱ्याचा लाभ ठरला. पुढे १३७७ मध्ये फ्रेंचांनी हे गाव जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. मात्र गाळापुढे त्याचे काही चालले नाही. भोवतालच्या खाजणांना बांध घालून लोकांनी तेथे कुरणे केली, त्यामुळे भरतीचे पाणी आत-बाहेर करण्याचे प्रमाण घटले, आणि जे पाणी पूर्वी ओहोटीबरोबर गाळ खेचून नेत असे तेच आता तो तळाशी टाकू लागले. आज राय समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. मर्मेड स्ट्रीट या गोट्यांनी फरसलेल्या चढावर चालताना आपण बंदरगावात आहोत असे पदोपदी जाणवते, पण लाट काही दिसत नाही. पुळणीवर बसायचे असेल, तर काही किलोमीटरवरच्या कॅम्बर सँड्सला जावे लागते, आणि तेथेही ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर सरकलेले असते की पोहण्यासाठी आलेल्या माणसाला आधी बरीच पायपीट करावी लागते. म्हणून अशा गावी जाण्यापूर्वी नकाशावर किनाररेषा आणि त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक, दोन्ही पाहावे.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील एग-मोर्त या गावाने तर नावातच सारे सांगून ठेवले आहे. त्या नावाचा अर्थ ‘मृत जल’. फ्रान्सचा राजा नववा लुई याला भूमध्य समुद्रावर स्वतःचे बंदर हवे होते, कारण मार्सेय हे मोठे बंदर तेव्हा त्याच्या अमलाखाली नव्हते. १२४८ आणि १२७० अशा दोन्ही क्रुसेडसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांसाठी, तो येथूनच निघाला. १४८१ मध्ये प्रोव्हान्स प्रांताबरोबर मार्सेय फ्रान्सच्या राज्यात आले आणि गाळाशी झगडणाऱ्या या बंदराची गरज संपली. गावाभोवतीचा सुमारे १६०० मीटरचा तट जवळजवळ अखंड उरला आहे. तटावरून पाहिले तर एका बाजूला मिठागरे पसरलेली दिसतात आणि उन्हाळ्यात त्यांचे पाणी गुलाबी होते. येथील कॉन्स्टन्स बुरुजात मारी द्युराँ ही प्रॉटेस्टंट स्त्री केवळ आपल्या धर्ममतासाठी १७३० ते १७६८ अशी ३८ वर्षे कैदेत होती. गाव सुंदर आहे, परंतु तो बुरूज पाहून उतरल्यावर काही वेळ छायाचित्रे काढावीशी वाटत नाहीत.

गाळाचे तिसरे गाव व्हिएतनाममधील होई आन. थू बोन नदीच्या मुखाजवळच्या या बंदरात चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. नदीचे पात्र उथळ होत गेले, मोठी जहाजे दा नांग या दुसऱ्या बंदराकडे वळली आणि लाकडी घरांचे हे गाव मागे राहिले. १९९९ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी, की नदीने व्यापार घालवला तरी पूर आणण्याची सवय सोडलेली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्या वस्तीत पाणी शिरणे नेहमीचे असून काही जुन्या घरांत तळमजल्यावरचा माल वर ओढून घेण्यासाठी माळ्याच्या जमिनीतच उघडझाप करणारे झाकण ठेवलेले दिसते. ती सोय पाहणे मोठे रंजक असले, तरी ती वापरात आलेली पाहण्याची हौस नसल्यास फेब्रुवारी ते मे हे महिने बरे. विरोधाभास असा की नदीत गाळ साचत राहिला, पण मुखाजवळचा क्वा दाई किनारा मात्र गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर झिजला आहे. त्यामुळे जुन्या छायाचित्रातील रुंद पुळण गृहीत धरून तेथे खोली घेऊ नये.

सर्वच बंदरे गाळाने मरत नाहीत. श्रीलंकेतील गॉलचे बंदर नैसर्गिक होते, परंतु त्याच्या तोंडाशी खडक होते. पोर्तुगीजांकडून १६४० मध्ये ते डचांकडे आणि १७९६ मध्ये इंग्रजांकडे गेले. १८७५ साली कोलंबोत लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याची पायाभरणी झाली, ते बंदर बारमाही सुरक्षित झाले आणि आगबोटींनी गॉलकडे पाठ फिरवली. कोटाच्या आतले डच वळणाचे रस्ते, खोल ओसऱ्यांची घरे आणि १७५५ चे चर्च तसेच राहिले. २००४ च्या त्सुनामीत कोटाबाहेरच्या शहराची अपरिमित हानी झाली, तर तटाच्या आतील वस्ती बरीचशी बचावली. सायंकाळी त्या तटावरून फेरी मारणे हा तेथील मुक्कामाचा सर्वांत चांगला तास असतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर, तेथील समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च हा काळ योग्य.

तमिळनाडूतील तरंगमबाडीची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने जाते. १६२० पासून ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांचे ठाणे होते, १८४५ मध्ये डेन्मार्कने ते इंग्रजांना विकले आणि त्यानंतर त्याचे महत्त्व ओसरले. रायला समुद्र सोडून गेला. येथे तो आत येत राहिला आहे. १३०६ मध्ये बांधलेल्या मासिलामणी नाथर मंदिराचा पुढचा भाग लाटांनी नेला आहे. डान्सबोर्ग किल्ला, दोन-तीन सरळ रस्ते आणि किनारा एवढेच हे गाव आहे, आणि ज्यांना दर तासाला काही तरी पाहायला लागते त्यांनी येथे जाऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगतो.

(पडद्यावर: पारातीच्या गल्लीत शिरलेले भरतीचे पाणी.)

आता ब्राझीलमधील पाराती. मिनास जेराइस प्रांतातील सोने खेचरांच्या पाठीवरून डोंगर उतरून येथे येई आणि जहाजाने रिओ दि जानेरोला जाई. अठराव्या शतकात खाणींपासून थेट रिओला जाणारा नवा रस्ता झाला आणि पाराती वाटेवरून बाजूला पडले. कॉफीच्या निर्यातीने काही काळ जीव धरला; नंतर रेल्वे आली आणि तीही दुसरीकडूनच गेली. रिओ आणि सान्तोस यांना जोडणारा किनारी महामार्ग १९७० च्या दशकात झाला, तोवर या गावाला बाहेरच्या जगाचा फारसा उपद्रव झाला नाही. मात्र मला या गावात सर्वांत विलक्षण वाटते ती रस्त्यांची रचना. रस्ते मध्यभागी खोलगट आहेत आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीचे पाणी समुद्राकडील गल्ल्यांमध्ये शिरते, मग गल्ली धुऊन ओहोटीबरोबर परत जाते. घरांचे उंबरे त्या हिशेबाने उंच ठेवले आहेत. पाण्यात उलटी दिसणारी पांढरी घरे पाहायची असतील, तर तारीख तिथी पाहून ठरवावी, आणि पाय कोरडे ठेवायचे असतील तर तीच तिथी टाळावी. जुन्या भागात मोटारींना प्रवेश नाही, आणि तेथील दगड इतके मोठे व ओबडधोबड आहेत की चाकांची बॅग ओढत नेणाऱ्याची दया येते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांना बरोबर नेताना याचा विचार अवश्य करावा.

माँटेनेग्रोमधील कोतोर या गावाचा उल्लेख मी मुद्दाम थोडक्यात करतो, कारण ते माझ्या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. तेथील उपसागर खोल आहे आणि तो कधी गाळाने भरला नाही. परिणामी पर्यटकांची प्रचंड जहाजे आजही थेट जुन्या वेशीसमोर येतात. दिवसा हजारो माणसे अरुंद गल्ल्यांत उतरतात आणि बहुतेक जण संध्याकाळी परततात. व्हेनिसच्या काळातला तट डोंगरावर चढत गेला आहे. वरच्या किल्ल्यापर्यंतच्या सुमारे १३५० पायऱ्या पहाटे चढाव्यात, आणि भर दुपारी पडदे ओढून स्वस्थ झोपावे. अशा गावात एका दिवसाची धावती भेट हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण आपण नेमके गर्दीच्याच तासांत तेथे असतो.

शेवटी जपानमधील तोमोनौरा. माझ्या मते या साऱ्या गावांत ते सर्वांत बोलके आहे. जपानच्या अंतर्समुद्रात पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंनी भरतीचे पाणी शिरते, आणि ते दोन्ही प्रवाह या गावाच्या आसपास एकमेकांना भेटतात. शिडाची जहाजे भरतीबरोबर येथवर येत, थांबत आणि पाणी ओसरू लागले की त्याच पाण्याबरोबर पुढे निघत. म्हणजे वाट पाहणे हाच या बंदराचा व्यवसाय होता. इंजिनाच्या बोटी आल्या, त्यांना भरतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, आणि गाव एका पिढीत अनावश्यक झाले. कोरियाचे राजदूत येथे मुक्काम करीत. १७११ मध्ये त्यांच्यातील एकाने फुकुझेनजी मंदिरातून दिसणाऱ्या देखाव्याला जपानमधील सर्वश्रेष्ठ देखावा म्हटले होते.

१९८३ मध्ये या बंदराचा काही भाग बुजवून वाहतुकीसाठी पूल बांधण्याची योजना पुढे आली. अरुंद रस्त्यांमुळे रहिवासी खरोखरच त्रासलेले होते, त्यामुळे पूल मागणारे सगळे निसर्गाचे शत्रू होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. परंतु काही रहिवासी न्यायालयात गेले, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने तेथील निसर्गदृश्य रक्षणास पात्र असल्याचे मानून भरावाला परवानगी देण्यास मनाई केली. पुढे २०१२ मध्ये प्रशासनाने पुलाचा विचार सोडल्याचे जाहीर केले.

फुकुयामा स्थानकावरून बसने अर्ध्या तासात येथे पोहोचता येते, म्हणून बहुतेक जण दोन-तीन तास फिरून परततात. शक्य असल्यास एक रात्र राहावे. धक्क्याच्या टोकाला १८५९ मध्ये उभारलेला दगडी दीपस्तंभ आहे आणि त्याच्या बाजूने बंदराला वळसा घालत रुंद दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, जेणेकरून पाणी कितीही वर-खाली झाले तरी माल उतरवता यावा. दुपारच्या ओहोटीला तेथे बसून उघड्या पायऱ्या मोजाव्यात, रात्री जेवण झाल्यावर पुन्हा तेथेच यावे, आणि त्यांतील किती पाण्याखाली गेल्या ते पाहावे.