गटारातला सम्राट

नमस्कार, श्रोतेहो. स्वित्झर्लंड म्हटलं की बर्फ, घड्याळं आणि चॉकलेट. आज मात्र मी तुम्हाला तिथल्या एका गटारात उतरवणार आहे.

व्हो प्रांतात अव्हांश नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. रोमन काळात इथे वीस हजार माणसं राहत, असं मानतात. गावाभोवती साडेपाच किलोमीटरचा तट होता. तेव्हाचं नाव अव्हेंटिकम. अव्हेंटिया ही इथली झऱ्याची देवी. देवीवरून अव्हेंटिकम आणि तेच नाव झिजत झिजत अव्हांश झालं. लक्षात ठेवा, देवीचं नाव! जर्मन बोलणारे मात्र या गावाला विफ्लिसबुर्ग म्हणत आले.

ही हेल्वेटी नावाच्या इथल्या प्राचीन जमातीची राजधानी. आजही स्विस टपाल तिकिटावर 'हेल्वेटिया' छापतात. देशाच्या भाषा चार, मान कुणाला द्यायचा? मग सरळ लॅटिन घेतलं. दुकानांच्या पाट्यांवरून हातघाईवर येणाऱ्या आपल्या मंडळींना हे सुचणार नाही, पण ते असो.

तर १९ एप्रिल १९३९. गावाबाहेर एका रोमन देवळाचा एकच खांब उभा आहे. त्यावर करकोचे घरटं करत, म्हणून त्याचं नाव सिगोन्ये, म्हणजे करकोच्यांचा खांब. त्या देवळात खोदकाम चाललं होतं. आवाराखालून सांडपाण्याचं जुनं बांधीव गटार जात होतं. त्यातला गाळ उपसताना काहीतरी चमकलं. चिखल पुसला, तर कुरळी दाढी! दाढीवर चेहरा आणि खाली चिलखत. सम्राट मार्कस ऑरेलियस, आणि तोही सोन्याचा! गटारात, श्रोतेहो, गटारात! सोनं बावीस कॅरट, वजन सुमारे १.६ किलो, उंची वीतभर नाही, चांगली साडेतेहतीस सेंटिमीटर. आणि हा अख्खा अर्धपुतळा एकाच पत्र्यातून ठोकून काढलेला. जोड नाही, डाग नाही. लुटारूंच्या भीतीने कुणीतरी तो तिथे दडवला असावा, असा तर्क आहे. दडवणारा परत आला नाही, एवढं नक्की.

पुढे काय झालं? आपल्याकडे खरे दागिने लॉकरमध्ये आणि लग्नात अंगावर एक ग्रॅमचे, तसंच झालं. अस्सल सम्राट लोझानच्या बँकेच्या तिजोरीत आणि अव्हांशच्या म्युझियममध्ये त्याची प्रतिकृती. अस्सल मूर्ती कधीतरीच प्रदर्शनात मांडतात. मला विचाराल तर प्रतिकृती बघायलाही जावं. म्युझियम रोमन अँफिथिएटरला लागून असलेल्या जुन्या बुरुजात आहे आणि करकोच्यांचा खांब तिथून चालत जाण्याइतकाच लांब.