पन्नास नव्हे, पाच

श्रोतेहो, नमस्कार.

लिहिणाऱ्याने खरे लिहावे, हे वाक्य आपण शाळेच्या फळ्यापासून साहित्य संमेलनाच्या मांडवापर्यंत सगळीकडे ऐकलेले आहे, आणि त्याला कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. खरे लिहायचे ते नेमके कोणाविषयी, हे ठरवताना आपल्या विदर्भातल्या लिहित्या मुलामुलींची एक ठरावीक फसगत होते, आणि आज मी तेवढ्याच एका गोष्टीविषयी बोलणार आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. त्या जिल्ह्याचे नाव तेव्हापासून शेतकऱ्यांच्या मरणाशी जोडले गेले, ते आजतागायत सुटलेले नाही. त्या दुःखावर आपल्याकडे लिहिले गेलेच पाहिजे होते आणि ते लिहिले गेले. परंतु लिहिता लिहिता त्याचाही एक साचा होऊन बसला. कोरडी विहीर, रिकामी कणगी, विधवेचे कपाळ, लेकराची फाटकी वही, एवढे एका पाठोपाठ एक आले की कविता तयार होते आणि टाळ्याही ठरलेल्या जागी पडतात. त्या कवितेत सगळे असतात. लिहिणारा तेवढा नसतो. तो कोठे बसून हे पाहतो आहे, त्याच्या घरी महिन्याच्या शेवटी पगार येतो की नाही, त्या विहिरीचे पाणी त्याने कधी शेंदले की नाही, याचा पत्ता लागत नाही. विषय दुःखाचा आहे म्हणून लिखाण प्रामाणिक होत नाही. पुन्हा सांगतो, विषय कितीही दुःखाचा असला तरी तेवढ्याने लिखाण प्रामाणिक होत नाही.

स्वतःला लिखाणात उघडे ठेवणे ही काही आजकाल बाहेरून आलेली रीत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हाइंभट आधी कोण होते? चक्रधरांशी वाद घालून त्यांना हरवण्याच्या इराद्याने आलेले गर्विष्ठ पंडित. मराठीतला आरंभीचा एवढा मोठा गद्यग्रंथ ज्याच्या हाताखाली तयार होत होता, त्या माणसाला स्वतःच्या गर्वाची आणि पराभवाची हकीकत सहज गाळता आली असती. ती गाळलेली नाही. ती त्या ग्रंथात आहे.

आणि आपल्याच हिंगणघाटचे उद्धव शेळके. १९६० साली आलेल्या त्यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक सोसते तशीच चिडते, भांडते, टाकून बोलते, गरीब आहे म्हणून लेखकाने तिला देवघरात बसवलेली नाही. तिच्या तोंडची वऱ्हाडी वाचताना हसू येत नाही, हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अलीकडे कविसंमेलनांत वऱ्हाडी बोली फक्त हशा पिकवण्यासाठी काढली जाते आणि गंभीर कविता सुरू झाली की तोच कवी एकदम पुस्तकी मराठीवर येतो. आपल्या आईची भाषा विनोदापुरती आणि स्वतःची प्रतिष्ठा पुस्तकी भाषेत, ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. असो.

आता मी तुम्हांला आर्णीकडच्या एका गावातली हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही नावे सांगत नाही. ज्यांना ओळखू येतील त्यांना ती तशीही ओळखू येतील.

हिवाळ्याचे दिवस होते, गावात भागवत सप्ताह बसला होता, आणि काल्याच्या आदल्या रात्री मंडळाच्या पोरांनी कविसंमेलन ठेवले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके पाडून त्यावर सतरंजी अंथरली होती, ते व्यासपीठ. समोर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि उशिरा येणारे कडुनिंबाच्या पाराजवळ उभे. आपली कविता म्हणून झाली की उठून मोटारसायकलला किक मारणारे कवी त्याही रात्री होते. दुसऱ्याचे ऐकण्याइतका वेळ ज्यांच्याकडे नसतो त्यांनी लोकांचा वेळ तरी का मागावा, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

शेवटच्या काही कवींमध्ये त्याच गावचे एक मास्तर होते. ते दुसऱ्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात, तेथेच घर बांधून राहतात, आणि शेतकऱ्याच्या विधवेवरची त्यांची एक कविता आपल्या भागात फार प्रसिद्ध आहे. तीच त्यांनी आधी म्हटली. आवाज जेथे कापायचा तेथे कापला, टाळ्या जेथे पडायच्या तेथे पडल्या. लोकांना वाटले, झाले. पण मास्तरांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि ‘ही नवीन आहे, गावातच पहिल्यांदा वाचतो,’ एवढे बोलून सुरुवात केली.

त्या कवितेत विधवा नव्हती, विहीर नव्हती. मृगात पेरलेली सरकी पावसाने ताण दिल्यामुळे मोडलेली, आणि कवीचा थोरला भाऊ सकाळच्या एसटीने तालुक्याच्या गावी कवीच्या घरी आलेला. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसतो. चहा होतो. पोरांची चौकशी होते. दुसऱ्यांदा चहा होतो, तेव्हा कुठे तो विषय काढतो: दुबार पेरणी करायची आहे, पन्नास हजार रुपये पाहिजेत. कवी घराच्या कर्जाचा हप्ता सांगतो, पोराच्या शिकवणीची फी सांगतो, आणि नाही म्हणतो. भाऊ ‘तुहंही बरोबरच हाय’ म्हणून उठतो. जाताना दाराजवळ एक पिशवी ठेवून जातो. तिच्यात घरच्या तुरीची डाळ असते. ती डाळ कवीच्या घरी दिवाळीपर्यंत शिजत राहते, आणि कविता तेथे संपते.

टाळी पडली नाही. सूत्रसंचालकाच्या हातात पुढचा शेर तयार होता, तोही त्याला म्हणता येईना. आणि पाराजवळच्या उभ्या माणसांतून आवाज आला:

‘पन्नास नाई, बापू. पाच.’

थोरले बंधू तेथेच उभे होते. लोक आधी हसले, मग गप्प झाले. ते जागचे हलले नाहीत, तेथूनच म्हणाले, ‘पाच हजार मांगतले होते म्या तुले. दोन बॅगा सरकी, एक डीएपी खताचं पोतं, अन् टोबनीच्या बायाईची मजुरी. पन्नास हजार मी सावकारालेई कधी मांगतले नाई.’

त्यावर बायांच्या बाजूने एक म्हातारी खणखणीत बोलली, ‘मंग डाय कायले ठेवून घेतली यानं?’

उत्तर मास्तरांनी द्यायचे होते. ते दिले बंधूंनी. ‘डाय तं लेकराईसाठी होती, आजी.’

आपण ट्रॉलीवर उभे आहोत, समोर आपले सगळे गाव बसले आहे, आणि आपण आपली म्हणून वाचलेली सगळ्यांत खरी कविता खोटी निघाली आहे, अशा वेळी माणूस काय करतो? कागद घडी करून खिशात घालतो आणि पोट बिघडल्याचे निमित्त सांगतो. मास्तरांनी तसे केले नाही, म्हणून तर मी ही हकीकत सांगतो आहे. त्यांनी खिशातला पेन काढला, ट्रॉलीच्या कडेवर कागद टेकवून एक शब्द खोडला, त्याच्या वर दुसरा लिहिला, आणि ती कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. तोच सोफा, तोच चहा, तीच डाळ. फक्त पन्नासच्या जागी पाच. आधीच्या वाचनात ऐकणाऱ्याला मनातल्या मनात म्हणता येत होते की एवढी मोठी रक्कम नोकरदार माणसाने तरी कोठून आणावी. दुसऱ्या वाचनात ती सोय उरली नाही.

संमेलन संपल्यावर मांडवामागे चहा होता. मी मास्तरांना विचारले की पन्नास कोठून आले. ते म्हणाले, लिहिताना ओळीत ‘पाच’ तोकडे पडत होते, लय बसत नव्हती. श्रोतेहो, ती कविता मुक्तछंदातली होती. मुक्तछंदात पाच तोकडे पडत नाही, आणि हे मास्तरांनाही ठाऊक होते, कारण त्यानंतर ते स्वतःच हसले.

बंधू आमच्या शेजारी बशीत चहा ओतून पीत होते. भावाने नाही म्हटले ते सगळ्या गावाला कळले, याचा त्यांना राग असेल, असे मला वाटत होते. राग होता, पण वेगळ्याच गोष्टीचा. ते मला म्हणाले, ‘पोरीचं पाहनं सुरू हाय, साहेब. उद्या पाहुने इचारतीन, मानूस पन्नास हजारानं अडला होता म्हनते. कृषी केंद्रवाला उधारी देईन का मंग मले?’ भावाचे नाही म्हणणे त्यांनी केव्हाच पचवले होते. त्यांच्या नावावर कवितेत चढलेले पंचेचाळीस हजार मात्र त्यांना चालणार नव्हते.

एवढे सांगून झाल्यावर माझ्यापाशी वेळ थोडा उरला आहे आणि मुद्दा एकच आहे. मास्तरांनी धाडस केले होते यात शंका नाही. गावात, भावाच्या समोर, आपण मदत नाकारली हे कवितेत म्हणणे सोपे नाही. पण कबुली देता देताच त्यांनी स्वतःसाठी एक आडोसा ठेवला, आणि तो आडोसा कोणाच्या खर्चाने उभा राहिला? भावाच्या खर्चाने, त्याची पत पणाला लावून. लेखक स्वतःला वाचवतो तेव्हा त्याची किंमत त्याच्या लिखाणातला दुसरा कोणीतरी मोजतो. हे मी पुन्हा म्हणतो, कारण आपल्या आत्मकथनांत आणि ललित लेखांत हे सतत घडते: लेखक स्वतःला वाचवतो आणि किंमत दुसरा मोजतो. बाप जरा जास्त दारुडा होतो, वहिनी जरा जास्त कजाग होते, शिक्षक जरा जास्त दुष्ट होतो, आणि त्या सगळ्यांमधून लेखक सोसत, समजूतदारपणे चालत येतो.

हा आडोसा शोधायचा कोठे? भावनेच्या ओळींत तो क्वचितच सापडतो. तेथे लेखक सावध असतो. तो सापडतो आकड्यांत, तारखांत, कोण आधी बोलले आणि कोण नंतर बोलले या क्रमात. ‘मी खूप प्रयत्न केला’ असे लिहिले असेल तर काय केले ते लिहून पाहावे. पुष्कळदा एक फोन केलेला असतो आणि तो लागलेला नसतो. स्वतःला शिव्या घालणाऱ्या लिखाणाकडेही मी संशयाने पाहतो. ‘मी किती नीच’ असे तीन वेळा लिहिणाराही वाचकाकडून ‘नाही हो, तुम्ही चांगले आहात’ असे ऐकण्याची वाट पाहत असतो. पाच हजार, दोन बॅगा, एक डीएपी, एवढे लिहिले की स्वतःला नीच म्हणण्याची गरज उरत नाही.

घरच्यांविषयी लिहिण्याआधी त्यांना विचारावे का, हा प्रश्न तरुण मुले नेहमी विचारतात. विचारावे. शहरात नाव बदलले की माणूस झाकला जातो. दोनशे उंबऱ्यांच्या गावात नाव बदलून काही होत नाही, ‘धुऱ्याजवळचं लिंबाचं झाड’ एवढे लिहिले तरी शेत कोणाचे ते गाव सांगते. आपली अब्रू पणाला लावण्याचा हक्क आपल्याला आहे. भावाची अब्रू भावाची आहे.

मास्तरांच्या कवितेचे पुढे काय झाले तेही सांगतो. त्यांनी ती दुरुस्त करून एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांना आवडली, मात्र त्यांनी कळवले की पाच हजारांसाठी सख्खा भाऊ नाही म्हणेल हे वाचकाला खरे वाटणार नाही, रक्कम जरा वाढवता येईल का. मास्तरांनी कविता परत घेतली. ती अजून छापून आलेली नाही.

आता नवीन काही लिहिले की ते आधी गावी जाऊन दादांना वाचून दाखवतात. दादांना कवितेत काडीचा रस नाही. ते डवरा धुवत किंवा बैलापुढे चारा टाकत ऐकतात आणि फक्त पिके, भाव आणि महिने तपासतात. मागे एका कवितेत मास्तरांनी शिवारभर डोलणारी ज्वारी आणली होती. दादा म्हणाले, ‘ज्वारी कोन पेरते आता? सोयाबीन लिव.’ मास्तरांनी दोन दिवस वाद घातला, सोयाबीन डोलत नाही म्हणाले, आणि शेवटी ती ओळच काढून टाकली.

नमस्कार.